कनकाबाईंच्या हृदयाचं तिसरं कडवं

इस्पितळातून पोस्टकार्ड आलं की कनकाबाई ते आधी देवापुढे ठेवीत, त्याला हळदकुंकू लावीत आणि मगच नवऱ्याकडून, पद्मनाभरावांकडून, वाचून घेत. मजकूर इंग्रजी आणि नेहमीचाच छापील असे. अमुक तारखेला सकाळी आठ वाजता डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेसाठी ‘केस’ म्हणून हजर राहावे. मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत पार्थसारथीच्या देवळामागच्या त्या गल्लीत लग्नामुंजीची बोलावणी सगळ्यांनाच येत. परीक्षेचं बोलावणं वर्षातून दोनदा येई ते एकट्या कनकाबाईंना, आणि देवाची क्षमा मागून सांगायचं तर त्याचा त्यांना थोडा अभिमान होता.

त्यांच्या हृदयाची एक झडप बिघडलेली होती. तंजावरला अकरा वर्षांच्या असताना त्यांना ताप आला. आज उजवा गुडघा सुजला, परवा डावा, मग कोपर, मग मनगट. महिनाभर तो ताप भाडेकरू घर शोधत हिंडावा तसा सांध्यासांध्यांतून हिंडला आणि जाताना हृदयातलं डावीकडचं एक दार आकसून गेला. तेव्हापासून त्या अरुंद दारातून रक्त जाई ते घरघरत जाई. जिना चढला की धाप लागे. डॉक्टरांनी मूल होऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं. ते झालंही नाही. पण बिघाड असा स्वच्छ, असा पुस्तकात छापल्यासारखा, की प्रोफेसर कृष्णस्वामी दर वेळी छातीवरची नळी उचलून म्हणत, “अम्मा, अख्ख्या मद्रासेत असं हृदय दुसरं नाही!” तेव्हा कनकाबाई, आपल्या हातच्या सारभाताची कुणी पंगतीत स्तुती करावी, तशा मान खाली घालून हसत.

त्यांची एक वही होती. डाव्या पानावर रोजच्या नेमाचा हिशेब मोडी अक्षरात लिहिलेला: प्रदक्षिणा किती, दिवे किती, नामजप किती. उजव्या पानावर आपल्या हातून पास झालेल्या डॉक्टरांचा आकडा. तो सदतीसवर आला होता. गल्लीतल्या बायका नातवंडं मोजत. कनकाबाई डॉक्टर मोजत.

हे सदतीस कसे पास झाले, तीच तर मेख होती. चिठ्ठी टाकून ज्याच्या वाट्याला कनकाबाई येत, तो पोरगा घामाघूम होऊन त्यांच्या छातीला नळी लावी. कनकाबाई आधी त्या नळीचं टोक तुळशीच्या पानाने पुसून घेत आणि मग हळूच तमिळमध्ये सांगत, “घाबरू नको कण्णा. पहिला ठोका मोठा आहे. दुसऱ्यामागे टक्‌ असा आवाज येतो. मग घरघर, आणि पुढच्या ठोक्याआधी ती चढते. डावं दार अरुंद आहे म्हणून सांग.” पोरगा जाऊन तेच सांगे आणि पास होई.

यांतले शेवटचे अकरा पोरगे ओळीने पास झाले तेव्हा प्रोफेसर कृष्णस्वामींना संशय आला. अकराही जणांनी तेच शब्द, त्याच क्रमाने, त्याच जागी श्वास घेऊन सांगितले होते. त्यांनी कनकाबाईंना विचारलं. कनकाबाईंना खोटं बोलता येत नसे, म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं. प्रोफेसर रागावले नाहीत. नुसतं त्यांना खिडकीशी नेऊन, पार्थसारथीच्या देवळाच्या दिशेला हात करून, शपथ घातली: यापुढे विद्यार्थ्याला लक्षणं सांगायची नाहीत.

शपथ म्हणजे शपथ. त्यानंतर दोन वर्षं कनकाबाई ओठ मिटून पडून राहिल्या. चार पोरं डोळ्यांदेखत नापास झाली. एकाने घरघर पोटाची आहे असं सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन कनकाबाई जेवल्या नाहीत.

आणि आता चंद्रिका परीक्षेला बसणार होती.

चंद्रिका म्हणजे खालच्या मजल्यावरच्या राघोत्तमरावांची मुलगी. त्यांच्यासारखंच तंजावराकडचं मराठी घर. मुलगी हुशार, पण परीक्षक समोर आला की तिची वाचा बसे. दोनदा नापास झाली होती. राघोत्तमराव शाळेत गणित शिकवीत आणि दोनदा चुकलेलं उदाहरण तिसऱ्यांदा घालू नये अशा मताचे होते. त्यांनी कुंभकोणमच्या एका तपकिरीच्या व्यापाऱ्याला होकाराचं पत्र लिहून, पाकिटाला तिकीट चिकटवून, ते कपाटात ठेवून दिलं होतं. “या खेपेस निकाल लागूं दे. नापास, तर हें पाकीट पेटींत टाकितों.” तो व्यापारी पंचेचाळिशीचा, बिजवर, आणि मुलगी बघायला आला तेव्हा एका घटकेत एकवीसदा शिंकला होता. चंद्रिकेने मोजलं होतं.

“अक्का,” ती वर येऊन कनकाबाईंच्या चुलीपाशी बसली आणि रडवेली होऊन म्हणाली, “मज सारें येतें. ऐकूं येतें, समजतें. पण त्यांनीं ‘येस?’ म्हटलें कीं डोकें कोरें होतें. एकदा मज तुमचें हृदय ऐकूं द्या ना.”

“अय्यो, नको मा. परीक्षेची वस्तू ती, आधीं कशी दाखवूं? शपथ आहे मज.”

“माझ्या वाट्याला तुम्हीच आलांत तर?”

“पार्थसारथी आहे,” कनकाबाई म्हणाल्या.

नुसतं म्हणून त्या थांबल्या नाहीत. चिठ्ठीत चंद्रिकेला आपणच यावं म्हणून त्यांनी रोज अकरा प्रदक्षिणांचा नेम धरला. दर तिसऱ्या प्रदक्षिणेला खांबाला टेकून दम खावा लागे. देव समजून घेतो. आणि प्रदक्षिणा घालता घालता त्यांना एक वाट दिसली.

शपथ होती ती लक्षणं न सांगण्याची. देवाला आपली व्यथा गाऊन दाखवायची नाही, असं कुठे ठरलं होतं? आणि ते गाणं मराठीत असलं, तर त्या इस्पितळात ते कळणार कुणाला? प्रोफेसर तमिळ, नर्सा तमिळ आणि मलयाळी, दाराशी बसणारा शिपाई तेलुगू. कनकाबाईंच्या लेखी मराठी ही तंजावर, कुंभकोणम आणि तिरुवल्लिकेणीतल्या आपल्या घरांची भाषा होती. बसमध्ये शेजारणीच्या लुगड्याबद्दल तिच्यादेखत बोलायचं तर मराठीत बोलावं, ते कधीच कुणाला कळत नसे. चाळीस वर्षांचा अनुभव होता.

चार दिवसांत अभंग तयार झाला. तो त्यांनी पद्मनाभरावांना म्हणून दाखवला. पद्मनाभराव जॉर्ज टाउनातल्या एका कचेरीत एकतीस वर्षं टंकलेखक होते, आणि दुसऱ्याच्या मजकुरातली चूक शोधल्याशिवाय त्यांना पान पुढे सरकवता येत नसे.

*पहिला तो ठोका । नगाऱ्याची थाप ।*
*दुसऱ्याला चाप । मागोमाग ॥*

*घरघर चाले । डाव्या अंगाखालीं ।*
*जात्याची ती चाली । मंद मंद ॥*

*ठोक्याआधीं नाद । चढे वरवर ।*
*अरुंद तें दार । हृदयाचें ॥*

पद्मनाभरावांनी बोटांवर अक्षरं मोजली. “छंद ठीक बसतो. देवाचें नांव कोठें आहे?”

“हृदयांत आहे कीं.”

“आणि शपथ?”

“शपथ सांगण्याची आहे. हें गाणें.”

“कनके, असला कागद कचेरींत आमच्या साहेबापुढें ठेविला असतास तर त्यानें तुज वकील केलें असतें.”

कनकाबाई हसल्या, पण ते हसू वरवरचं होतं. कारण एक गोष्ट त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. त्यांचा जप बिघडला होता.

पहाटेच्या जपाला त्या माळ घेत नसत. उजवा हात छातीवर ठेवायचा आणि एका ठोक्याला एक ‘राम’. देवाने माळ आतच ओवून दिली आहे, बाहेरची कशाला, असं त्या म्हणत. ठोका आणि नाम वर्षानुवर्षं बैलजोडीसारखे बरोबर चालले होते. पण गेल्या तीन आठवड्यांपासून ती जोडी फुटली. दोन ठोके एकदम धावून येत, मग एक कुठे तरी गडप होई, मग लगोलग तीन. ‘रा’ म्हणेपर्यंत ठोका निघून जाई. कधी ‘राम’ म्हणून वाट बघत बसावं तर ठोक्याचा पत्ता नाही. कनकाबाईंना कारण उघड दिसत होतं. मन चळलं. शपथेला वळसा घालायचा बेत केला, म्हणून नामाने साथ सोडली. त्यांनी प्रदक्षिणा अकराच्या एकवीस केल्या. जप आणखीच बिघडला, आणि धापही वाढली. तीही त्यांनी पापाच्याच खाती टाकली.

परीक्षेच्या दिवशी घोड्याच्या झटकागाडीतून त्या इस्पितळात पोचल्या. सात केसी होत्या. कनकाबाईंना चार नंबरची खाट मिळाली. पलीकडच्या खाटेवर कोवलमचा एक कोळी यकृत घेऊन आला होता. त्याची ही पाचवी परीक्षा, त्यामुळे दोघांनी जुन्या सहप्रवाशांसारखी मान हलवली.

प्रोफेसर कृष्णस्वामी आले. त्यांच्याबरोबर बाहेरगावचे परीक्षक होते: उंच, सूट घातलेले, भुवया जाड, ओठांवर हसू नाही. “हे डॉक्टर डी. पी., मुंबईचे,” प्रोफेसरांनी नर्सेला तमिळमध्ये सांगितलं. कनकाबाईंनी एकदा बघून घेतलं. इंग्रजी माणूस दिसतोय, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि निश्चिंत झाल्या.

चिठ्ठ्या निघाल्या. चौथी खाट चंद्रिकेला आली.

एकवीस प्रदक्षिणांचं फळ समोर पांढऱ्या कोटात थरथरत उभं राहिलेलं पाहून कनकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चंद्रिका मात्र सरळ मुलगी, ती प्रोफेसरांकडे गेली आणि म्हणाली, “सर, मी यांना ओळखते. आमच्याच घरात वर राहतात.”

“कधी तपासलं आहेस?”

“नाही सर. त्या नळी लावू देत नाहीत.”

“बरोबर,” प्रोफेसर मिशीत हसले. “शपथेवर आहेत त्या. जा, अर्धा तास आहे.”

पडदा ओढला गेला. चंद्रिका स्टुलावर बसली. कनकाबाईंनी तुळशीचं पान काढून नळीचं टोक पुसलं, छताकडे डोळे लावले, हात जोडले आणि बारीक, गोड आवाजात सुरू केलं, “पहिला तो ठोका, नगाऱ्याची थाप...”

चंद्रिकेच्या हातातून नळी निसटली. “अक्का! हें काय?”

“मी तुजशीं बोलत नाहीं मा. देवाशीं गातें. तूं आपलें काम कर.”

“दुसऱ्याला चाप, मागोमाग...”

चंद्रिकेने घाबरून पडद्याबाहेर पाहिलं. नर्स दूर होती. मुंबईचे परीक्षक पलीकडच्या खिडकीशी पाठमोरे उभे राहून कॉफी पीत होते. अक्काला थांबवायचं तर आवाज होणार, आवाज झाला तर माणसं येणार. तिने ओठ दाबले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली, कारण प्रश्न विचारताना तिची वाचा बसत नसे.

“लहानपणीं ताप?”

“अकराव्या वर्षीं. सांधे सुजले. हें सांगण्याची मनाई नाहीं, तूं विचारिलेंस म्हणून.”

“धाप?”

“जिन्यावर. आतां सपाटीलाही लागते.”

“आतां म्हणजे कधींपासून?”

“तीन आठवडे. प्रदक्षिणा वाढविल्या ना.”

चंद्रिका थांबली. रोज पहाटे वरून येणारा जपाचा आवाज ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्याची लय तिला घड्याळाच्या टिकटिकीइतकी ओळखीची होती. “अक्का, एक विचारूं? तुमचा जप हल्लीं अडखळतो. मज वाटलें, आपणांस बरें नाहीं.”

कनकाबाईंचं तोंड एवढंसं झालं. ज्या गोष्टीची लाज नवऱ्यापासून लपवली ती खालच्या मजल्यापर्यंत पोचली होती. “मन थाऱ्यावर नाहीं मा,” त्या पुटपुटल्या. “ठोक्याला नाम बसत नाहीं. माझें पाप आहे, तूं नको लिहूं तें.”

चंद्रिकेने ते लिहिलं. मग तिने मनगट धरलं, आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग छातीला नळी लावली. एक डोळा घड्याळावर.

कनकाबाईंना तिचा चेहरा दिसत होता. पहिल्या कडव्याला तिने मान डोलावली. दुसऱ्यालाही. तिसरं कडवं आलं, “ठोक्याआधीं नाद, चढे वरवर,” आणि मुलीच्या कपाळाला आठी पडली. तिने मान हलवली: नाही.

तिला ऐकू आलं नाही! कनकाबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि तिसरं कडवं पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने. चंद्रिकेने कूस बदलायला लावली, पुन्हा ऐकलं, पुन्हा मान हलवली. कनकाबाईंनी तिसऱ्यांदा म्हटलं. या खेपेला कोवलमच्या कोळ्याने पडद्यापलीकडून भक्तिभावाने टाळ्यांचा ठेका धरला.

खिडकीशी कपबशीचा आवाज झाला. मुंबईच्या परीक्षकांनी कॉफी खाली ठेवली होती.

अर्धा तास संपला. दोघे परीक्षक खाटेपाशी आले. प्रोफेसर कृष्णस्वामी म्हणाले, “येस?”

आणि चंद्रिकेचं डोकं कोरं झालं. ते कनकाबाईंना तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं, पाटी पुसावी तसं. क्षण गेला, दुसरा गेला. कुंभकोणमचं पाकीट कपाटातून आपल्या पायाने निघून पोस्टाच्या पेटीकडे चालू लागलं. कनकाबाईंना राहवलं नाही. डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत, “पहिला तो ठोका...”

चंद्रिकेने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग एकदम बोलू लागली. इंग्रजीत बोलत होती, पण ते इंग्रजी इतक्यांदा इतक्या पोरांकडून ऐकलेलं, की कनकाबाईंना शब्द न् शब्द ओळखता येत होता. लहानपणीचा सांध्यांचा ताप. पहिला ठोका मोठा. झडप उघडतानाचा टक्‌ आवाज. हृदयाच्या टोकावर घरघर. डावी झडप अरुंद. बरोबर, बरोबर, कनकाबाई मनात प्रत्येक शब्दाला अक्षत टाकत होत्या. आता शेवटचं सांग मा, चढणारी घरघर सांग.

“ठोक्याआधी घरघर चढते का?” मुंबईच्या परीक्षकांनी विचारलं.

चंद्रिकेने एकदा कनकाबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी होय म्हटलं, भुवयांनी होय म्हटलं. जोडलेले हात इंचभर उचलूनही होय म्हटलं.

“नाही सर,” चंद्रिका म्हणाली.

कनकाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

“नाही?” परीक्षकांच्या जाड भुवया वर गेल्या. आणि मग ते मराठीत म्हणाले, अगदी स्वच्छ, ठणठणीत मराठीत, “पण या बाई तर तिसऱ्या कडव्यात तसं म्हणताहेत. तेही तीनदा.”

खाटेवर कनकाबाई उठून बसल्या. नऊवारीचा पदर त्यांनी इतका पुढे ओढला, की नुसतं नाक दिसत होतं. आतून आवाज आला, “तुम्हांस... मराठी येतें?”

“माझं आडनाव सबनीस आहे, बाई. दत्तोपंत सबनीस. घरच्या घरी थोडीफार बोलतो. मात्र तुमच्यासारखी नाही. अशी मराठी मी आजवर जुन्या दप्तरांतच वाचली होती.”

प्रोफेसर कृष्णस्वामींना एक अक्षर कळलं नव्हतं, पण कनकाबाईंचं नाक पाहून सगळं कळलं. “अम्मा,” ते तमिळमध्ये हळूच म्हणाले, “शपथ?”

कनकाबाईंनी पदर मागे सारला. खोटं त्यांना येत नव्हतंच. “मोडली,” त्या म्हणाल्या. “मी मोडली, हिनें नव्हे. हीस ठाऊकही नव्हतें. शिक्षा करायची तर मज करा, पुन्हा बोलावूं नका, माझें हृदय काढून दुसऱ्या कोणाचें ठेवा. हिला नापास करूं नका. हिच्या बापानें पाकिटास तिकीट लाविलें आहे.”

डॉक्टर सबनीसांनी त्यांना थांबवलं आणि चंद्रिकेकडे वळले. “तुम्हाला आयतं उत्तर मिळत होतं. चाल लावून मिळत होतं. घेतलं का नाही?”

“कारण तें... कारण ते चूक आहे, सर.” चंद्रिका आता थांबायला तयार नव्हती. “अक्कांचा अभंग जुना आहे. पूर्वी तसं असेलही. पण आता ठोक्याला ताल उरलेला नाही. मनगटावर मिनिटाला ब्याऐंशी भरतात आणि हृदयावर एकशे बारा. तीस ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. वरचा कप्पा आता नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. म्हणून ठोक्याआधी रक्ताला जो धक्का बसायचा तो बसत नाही, आणि घरघर चढत नाही. हे तीन आठवड्यांपासून आहे.”

“तीन आठवडे कशावरून?”

“त्यांचा जप तेव्हापासून चुकतोय, सर. त्या ठोक्यावर नाम मोजतात.”

डॉक्टर सबनीसांनी कनकाबाईंच्या मनगटावर बोटं ठेवली आणि छातीला नळी लावायला वाकले. कनकाबाईंनी सवयीने तुळशीचं पान पुढे केलं. त्यांनी नळीचं टोक मुकाट्याने पुसू दिलं. एक मिनिट ऐकलं. कृष्णस्वामींनीही ऐकलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि प्रोफेसर जरा शरमून म्हणाले, “मी आज सकाळी त्यांना तपासलंच नाही. दहा वर्षांचं पाठ असलेलं हृदय, बघायचं काय, म्हणून जुनाच कागद लावला.”

“म्हणजे तुम्हीही अभंगच म्हणत होतात,” डॉक्टर सबनीस म्हणाले.

मग ते खाटेच्या कडेला टेकून चंद्रिकेला सांगू लागले, परीक्षा संपल्यासारखं. युरोपात कुठेसं आता छातीत आवाज सोडतात, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, आणि झडपेवर आपटून परत येणारा त्याचा पडसाद कागदावर रेघ होऊन उमटतो. दार किती उघडतं, किती रेंगाळत मिटतं, सगळं त्या रेघेत दिसतं. आपल्याकडे ते यंत्र यायला बरीच वर्षं जातील. तोवर हे दोन कान.

“पडसादास फसवितां येत नाहीं का हो?” कनकाबाईंनी भीत भीत विचारलं.

“नाही.”

“मग सावकाशच येऊं दे तें यंत्र,” त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, ज्यासाठी सगळा जीव गोळा झाला होता ते विचारलं, “म्हणजे... जप चुकत होता तो या दारामुळें? माझें मन चळलें म्हणून नव्हे?”

“मनाचं मला ऐकू येत नाही, बाई,” सबनीस म्हणाले. “पण ठोका चुकला तो हृदयामुळे. त्याला गोळ्या आहेत. आणि त्या प्रदक्षिणा बंद.”

कनकाबाईंना इस्पितळात दहा दिवस ठेवून घेतलं. डिजिटॅलिसच्या गोळ्यांनी हृदयाचा वेग आवरला. ताल काही परत आला नाही, पण आता ठोका पळत सुटत नसे, वयस्क माणसासारखा अडखळत का होईना, चाले. धाप उतरली. पद्मनाभराव रोज संध्याकाळी घरून पाण्याचा तांब्या आणि दहीभात घेऊन येत आणि तिथेच ठेवून घेतलेल्या कोवलमच्या कोळ्याशी मासे या विषयावर सोवळ्या अंतरावरून गप्पा मारीत.

दहाव्या दिवशी निकाल लागला. चंद्रिका धावत आली ती बोलेचना. मग कळलं की आनंदाने पुन्हा वाचा बसली आहे.

राघोत्तमरावांनी कपाटातलं पाकीट काढलं. तिकीट वाया घालवणं त्यांच्या गणितात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी आतलं पत्र बदललं: मुलगी डॉक्टर झाली असून तूर्त लग्नाचा विचार नाही, मात्र आपल्या शिंकांबद्दल ती औषध सुचवू इच्छिते. ते पाकीट त्याच दिवशी पेटीत पडलं.

पुढल्या खेपेला इस्पितळातून पोस्टकार्ड आलं तेव्हा कनकाबाईंनी ते देवापुढे ठेवलं खरं, पण हळदकुंकू लावायला धजल्या नाहीत. बोलावणं बंद झाल्याचंच असणार. पद्मनाभरावांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

“काय आहे हो?”

“यापुढें तुज साध्या परीक्षेस बोलावणार नाहींत.”

“मज ठाऊकच होतें.”

“एम. डी.च्या परीक्षेस बोलावलें आहे. केस आतां अवघड झाली म्हणे, मोठ्या डॉक्टरांस घालण्याजोगी.” पद्मनाभरावांनी कार्ड खाली ठेवलं. “एकतीस वर्षें मी त्याच खुर्चीवर आहें. या घरांत बढती आली ती तुझ्या झडपेस!”

कनकाबाईंनी दोन नेम धरले. परीक्षेच्या दिवशी सूर्योदयापासून मौन; अभंग, ओवी, स्तोत्र, काहीही ओठांवर यायचं नाही. आणि जपाला माळ. आईची तुळशीची माळ पेटीतून काढून त्यांनी धुऊन घेतली. हृदयाला त्याचंच काम जड झालंय, त्यावर आणखी मोजदादीचा भार नको, असं त्या देवाला म्हणाल्या.

मग वही उघडली. अभंगाचं पान काढून तिसऱ्या कडव्यावर एक आडवी रेघ मारली. उजव्या पानावर सदतीसच्या खाली लेखणी टेकली आणि पुन्हा उचलली. चंद्रिका आपल्या हातून पास झाली म्हणावी, तर आपण सांगितलेलं तिने ऐकलं नव्हतं. नाही म्हणावी, तर ऐकलं होतं ते आपलंच हृदय. खालून चंद्रिकेचा आवाज येत होता. ती बापाला नाडी कशी मोजायची ते शिकवत होती आणि राघोत्तमराव तिची बेरीज तपासत होते.

कनकाबाईंनी अडतीस लिहिलं. आणि शेजारी, मोडीत, बारीक अक्षरात: स्वतःच्या कानानें.